‘मुलगा कमावता आहे, मग पगार कशाला?’ असं तलाठी म्हणाले तर पुढे काय?

प्रश्न थोडक्यात असा आहे. काका 71 वर्षांचे, काकू 62. गावी अर्धा एकर कोरडवाहू. मुलगा पुण्यात खासगी नोकरीत, पण चार वर्षांत एक रुपया पाठवलेला नाही. मुलगी सासरी. श्रावणबाळच्या पगारासाठी (म्हणजे राज्य सरकारच्या वृद्धांच्या पेन्शनसाठी) विचारायला गेले तर तलाठ्यांनी ‘मुलगा कमावता आहे, बसणार नाही’ म्हणून वाटेला लावलं. प्रश्न विचारणारी पुतणी म्हणते: सरकारची काही जबाबदारी आहे की नाही?

आहे, पण वाटते तितकी नाही. आणि जेवढी आहे तेवढी एका खिडकीवर मिळत नाही. थोडी तहसीलमध्ये आहे, थोडी प्रांत कार्यालयात, थोडी रेशन दुकानात, थोडी दवाखान्यात. म्हणून आधी जबाबदारी कोणाची हे समजून घेऊ, मग एकेक दार.

राज्यघटनेचं कलम 41 सांगतं की म्हातारपणी, आजारपणात, अपंगत्वात सरकारने साहाय्य करावं. मात्र ते ‘आर्थिक क्षमतेच्या मर्यादेत’. हे मार्गदर्शक तत्त्वांतलं कलम असल्यामुळे नुसतं ते दाखवून कोर्टातून पैसे मिळत नाहीत. वृद्धापकाळ निवृत्तीवेतन हा विषय समवर्ती सूचीत, म्हणजे केंद्र आणि राज्य दोघांचा. व्यवहारात दोघंही एकमेकांकडे बोट दाखवतात. केंद्राने 15 ऑगस्ट 1995 ला महिना 75 रुपयांनी सुरुवात केली. 2006 मध्ये ते 200 झाले. 80 च्या पुढच्यांना 2011 पासून 500 मिळतात. त्यानंतर केंद्राच्या वाट्यात एक पैसा वाढलेला नाही. आज 200 रुपयांत रक्तदाबाच्या गोळ्यांची दोन पाकिटंही धड येत नाहीत, हे सांगायला अर्थतज्ज्ञ लागत नाही. वरची भर राज्याने घालायची, म्हणून राज्य बदललं की म्हाताऱ्याची किंमत बदलते. गोव्यात दयानंद सामाजिक सुरक्षा योजनेत 60 वर्षांपासून महिना 2,000 रुपये मिळतात. महाराष्ट्रात 65 पासून 1,500, तेही जुलै 2023 नंतर. त्याआधी 1,000 होते, आणि 2019 पर्यंत 600.

2007 चा आई-वडील व ज्येष्ठ नागरिक निर्वाह व कल्याण कायदा (महाराष्ट्रात 1 मार्च 2009 पासून लागू) नीट वाचला तर त्याचा कल लगेच कळतो. पोसायचं मुलांनी, आणि मुलं पोसत नसतील तर त्यांना भाग पाडायची यंत्रणा सरकारने चालवायची. वृद्धाश्रमाच्या कलम 19 मध्ये प्रत्येक जिल्ह्यात किमान 150 निराधार वृद्धांची सोय सरकार ‘करू शकेल’ असं आहे, ‘करील’ असं नाही. सगळा फरक त्या एका क्रियापदात आहे. 2018 मध्ये अश्वनी कुमार प्रकरणात सर्वोच्च न्यायालयाने ज्येष्ठांच्या सन्मानाचा, निवाऱ्याचा आणि आरोग्याचा संबंध जगण्याच्या हक्काशी जोडला आणि केंद्राला योजनांचा फेरविचार करायला सांगितलं. 200 चा आकडा तरीही जागचा हलला नाही.

आता काकांचा पगार.

श्रावणबाळ सेवा राज्य निवृत्तीवेतन योजनेच्या अटी तीन: वय 65 पूर्ण, महाराष्ट्रात किमान 15 वर्षं रहिवास, आणि एकतर दारिद्र्यरेषेच्या यादीत नाव (गट अ) किंवा कुटुंबाचं वार्षिक उत्पन्न 21,000 रुपयांच्या आत (गट ब). गट अ मध्ये केंद्राचा वाटा धरून उरलेलं राज्य भरतं, गट ब चं सगळं राज्य भरतं. हातात दोघांच्याही 1,500 येतात. ‘कमावता मुलगा असू नये’ अशी चौथी अट यात नाही. पण तलाठ्यांचं बोलणं अगदीच हवेतलं आहे असंही नाही. अट ‘कुटुंबाच्या’ उत्पन्नाची आहे, आणि कुटुंब म्हणजे कोण हे प्रत्यक्षात शिधापत्रिकेवरून ठरतं. मुलाचं नाव अजून काकांच्याच रेशनकार्डावर असेल, तर पुण्यातला त्याचा पगार काकांच्या उत्पन्नात धरला जातो. अर्ज नामंजूर होण्याचं सगळ्यात नेहमीचं कारण हेच.

21,000 म्हणजे महिना 1,750, दिवसाला साधारण 57 रुपये. रोजगार हमीवर दोन-अडीच महिने भरले तरी माणूस या रेषेच्या पलीकडे जातो. गंमत अशी की सरकार देतं तो पगारच वर्षाला 18,000 होतो. ही मर्यादा वाढवणं हे सरकारच्या जबाबदारीतलं पहिलं काम असायला हवं. ते होईपर्यंत मात्र याच मर्यादेत कागद बसवावे लागतात, आणि खरे बसवावे लागतात.

म्हणून सुरुवात पेन्शनच्या अर्जाने करू नका, रेशनकार्डाने करा. मुलगा चार वर्षं पुण्यात राहतो, चूल वेगळी आहे, म्हणजे त्याचं नाव गावच्या कार्डावरून कमी होणं हे वस्तुस्थितीला धरूनच आहे. तहसीलच्या पुरवठा शाखेत नाव कमी करण्याचा अर्ज द्या. मुलगा सही देत नसेल तर तो बाहेरगावी राहतो याचा ग्रामपंचायतीचा दाखला आणि स्वतःचं स्वयंघोषणापत्र जोडा. कार्ड दोघांचंच झालं की उत्पन्नाचा दाखला दोघांपुरता निघतो, धान्यही त्यांच्या नावावर येतं. मुलगा त्याच घरात राहून रोज एकत्र जेवत असेल आणि कार्ड फक्त कागदावर वेगळं केलं असेल, तर चौकशीत ते उघडं पडतं आणि दिलेले पैसे वसूल होतात. त्या वाटेला जाऊ नका.

उत्पन्नाच्या दाखल्यासाठी तलाठ्यांचा चौकशी अहवाल लागतो. तिथे शेतीचं उत्पन्न ठोकळ्याने लिहिलं जातं. अर्धा एकर कोरडवाहूला ओलिताचा आकडा पडलेला नाही ना, हे सातबाऱ्यावरची पीक पाहणी समोर ठेवून बघा. बागायत लिहिलं गेलं तर तिथेच सगळं संपतं.

वयाचा पुरावा हा दुसरा अडथळा. शाळेचा दाखला, जन्मनोंद, मतदार यादी आणि आधार यांतली वयं जुळत नाहीत. ज्यांनी आधार काढताना अंदाजे वय सांगितलं त्यांच्या कार्डावर नुसतं जन्मवर्ष असतं. आधारवरची जन्मतारीख साधारण एकदाच दुरुस्त होते. त्यामुळे घाईने चुकीचा कागद देऊन ती संधी वाया घालवू नका. शाळेचा दाखला नसेल तर सरकारी रुग्णालयातून वयाचा वैद्यकीय दाखला मिळतो. आधी तो घ्या, मग आधार केंद्रात तो चालतो का ते विचारून आधार दुरुस्त करा, मग पेन्शनचा अर्ज. क्रम उलटा झाला की दोन ठिकाणी दोन वयं लागतात आणि फाईल ‘त्रुटी’त जाते.

अर्ज सेतू केंद्रातून किंवा तहसीलच्या संजय गांधी योजना शाखेत. सोबत वय, उत्पन्न, रहिवास, आधार, बँक पासबुक आणि फोटो. पोचपावती घेतल्याशिवाय टेबल सोडू नका. अर्ज तालुक्याच्या समितीपुढे जातो. बैठक लांबली की महिनोन्महिने तिथेच पडून राहतो. तोंडी ‘बसत नाही’ याला काही अर्थ नाही. अर्ज द्या, आणि नाकारायचा असेल तर कारणासह लेखी नाकारू द्या. दोन-तीन महिने काहीच कळलं नाही तर 10 रुपयांचं कोर्ट फी तिकीट लावून माहिती अधिकाराचा अर्ज करा (दारिद्र्यरेषेखालच्यांना फी नाही). त्यात ‘मला पेन्शन का नाही?’ असं विचारू नका. असं विचारा: अर्ज क्रमांक अमुक, कोणत्या तारखेला कोणत्या कर्मचाऱ्याकडे होता, त्याने काय शेरा मारला, समितीच्या कोणत्या बैठकीत ठेवला, त्या बैठकीच्या इतिवृत्ताची प्रत द्या. फाईल कोणाच्या नावावर अडली आहे हे लिहून द्यायची वेळ आली की बहुतेक वेळा ती हलते.

मंजुरीनंतरही पैसे न येणं हा आता नेहमीचा प्रकार झाला आहे. रक्कम थेट आधार-जोडलेल्या खात्यात येते. ‘बँकेत आधार दिलंय’ आणि ‘खातं थेट लाभासाठी आधारशी जोडलंय’ या दोन वेगळ्या गोष्टी आहेत. पहिली म्हणजे केवायसी. दुसरीसाठी बँकेत वेगळा संमती-अर्ज भरावा लागतो, मग बँक ते नाव एनपीसीआयच्या (बँकांमधली देवाणघेवाण चालवणाऱ्या राष्ट्रीय संस्थेच्या) नोंदीत चढवते. शेवटचं जोडलेलं खातं कोणतं, तिथेच पैसे जातात. बचत गटासाठी किंवा गॅस अनुदानासाठी कधीतरी उघडलेल्या दुसऱ्याच खात्यात पगार साचत राहिल्याची आणि घरच्यांना पत्ताच नसल्याची उदाहरणं तालुक्यागणिक सापडतात. आधारच्या संकेतस्थळावर ‘बँक सीडिंग’ची स्थिती दिसते, तिथे बँकेचं नाव बघा. खातं शून्य शिलकीचं असू द्या. साध्या खात्यात किमान शिल्लक नाही म्हणून बँकच कापून घेते. बोटांचे ठसे उमटत नसतील, आणि आयुष्यभर माती कालवलेल्या हातांचे ते उमटत नाहीतच, तर डोळ्यांच्या किंवा चेहऱ्याच्या ओळखीने काम होतं का ते विचारा आणि आधार केंद्रात बायोमेट्रिक अद्ययावत करून घ्या.

काकूंचं काय? त्या 62 च्या. 2007 च्या कायद्याने त्या ज्येष्ठ नागरिक आहेत, पण श्रावणबाळच्या नाहीत. म्हातारपण नेमकं कधी सुरू होतं यावर सरकारचं एकमत नाही: निर्वाहाच्या कायद्याला 60, श्रावणबाळला 65, आयुष्मान वय वंदना कार्डाला 70, एसटीच्या मोफत प्रवासाला 75, केंद्राच्या 500 ला 80. संजय गांधी निराधार योजना 65 च्या आतल्यांसाठी आहे, पण ती विधवा, दिव्यांग, दुर्धर आजाराचे रुग्ण, परित्यक्ता अशा वर्गांची. नवरा हयात असलेल्या, धडधाकट काकू त्यात सहज बसत नाहीत. लाडकी बहीण योजनेत 65 पर्यंतच्या बायका आहेत. काकूंची नोंदणी योजना सुरू झाली तेव्हाच झालेली असेल तर ते 1,500 चालू आहेत का आणि ई-केवायसी झाली आहे का, हे बघा. 65 पूर्ण झाले की तो हप्ता थांबतो आणि श्रावणबाळ आपोआप सुरू होत नाही. नवा अर्ज लागतो. वाढदिवसाच्या तीन-चार महिने आधी उत्पन्नाचा दाखला काढून ठेवा, नाहीतर मधले काही महिने हात रिकामे राहतात. जमीन काकांच्या नावावर असेल तर पीएम-किसान आणि नमो शेतकरी मिळून वर्षाला 12,000 येतात. ते येत नसतील तर कारण बहुधा तेच असतं: ई-केवायसी किंवा खात्याची जोडणी.

दवाखान्याचा भाग तुलनेने सोपा आहे. काका 70 पार, त्यामुळे उत्पन्न कितीही असलं तरी वय वंदना कार्ड निघतं (ऑक्टोबर 2024 पासून), वर्षाला 5 लाखांपर्यंत. काकू त्या कार्डात येत नाहीत. त्यांना रेशनकार्डावर महात्मा फुले जन आरोग्य योजना. दोन्ही योजना दाखल होऊन घ्यायच्या उपचारांसाठी आहेत, रोजच्या गोळ्यांसाठी नाहीत. आणि म्हाताऱ्यांचा खरा खर्च रोजच्या गोळ्यांचाच असतो. त्या प्राथमिक आरोग्य केंद्रातून किंवा उपजिल्हा रुग्णालयाच्या असंसर्गजन्य आजारांच्या बाह्यरुग्ण विभागातून महिन्याच्या हिशोबाने घ्या. चष्मा, काठी, श्रवणयंत्र, कमरेचा पट्टा अशा वस्तूंसाठी मुख्यमंत्री वयोश्री योजनेतून एकदाच 3,000 रुपये मिळतात (65 च्या पुढे, उत्पन्न 2 लाखांच्या आत). वस्तू घेतल्याच्या पावत्या जपून ठेवा, नंतर मागतात.

राहिला मुलगा. इथे सरकार पैसे देत नाही, पण वसूल करून देऊ शकतं.

अर्ज प्रांताधिकाऱ्यांकडे करायचा. निर्वाह न्यायाधिकरण म्हणून तेच बसतात. काका-काकू जिथे राहतात तिथल्याच प्रांत कार्यालयात करा. 2007 च्या कायद्याचं कलम 6 ती मुभा देतं, मग पुण्याहून यायचं ते मुलाने. काका चालू-फिरू शकत नसतील तर पुतणी अधिकारपत्र घेऊन अर्ज देऊ शकते. मुलगा आणि मुलगी दोघांचंही दायित्व आहे, लग्न झालेल्या मुलीचंही. तुम्ही फक्त मुलावर अर्ज केला तरी तो बहिणीला ओढू शकतो. हे आधीच तिला सांगून ठेवा, नाहीतर जी एकटी विचारपूस करते तीच दुखावते. ज्यांना मूलबाळ नाही त्यांना वारस म्हणून मालमत्ता मिळवणाऱ्या नातेवाइकाकडे मागता येतं. मूल नाही आणि मालमत्ताही नाही, अशा माणसाला हा कायदा कोणाकडेच पाठवत नाही. त्याच्यासाठी समाजकल्याणच्या सहायक आयुक्तांकडून मिळणारा अनुदानित वृद्धाश्रम आणि 1,500 एवढंच उरतं. माझ्या मते कायद्यातलं सगळ्यात मोठं भोक हेच.

अर्ज कसा लिहायचा यावर निकाल पुष्कळ अवलंबून असतो. लोक दहा पानं सुनेबद्दल लिहितात आणि किती रुपये हवेत ते शेवटच्या ओळीत ‘योग्य ती रक्कम’ म्हणून सोडून देतात. उलट करा. महिन्याचा खर्च मांडा: किराणा-दूध-भाजी 3,800, औषधं 2,100, वीज-गॅस 900, धुणं-भांड्याच्या बाईचे 1,500, दवाखान्याच्या फेऱ्या 700, एकूण 9,000. औषधांची बिलं जोडा. मुलगा कुठे नोकरी करतो, अंदाजे पगार किती, कामाचा आणि घरचा पत्ता, मोबाइल नंबर द्या. कमाल मर्यादा महिना 10,000 आहे. ती उठवण्याचं विधेयक 2019 मध्ये लोकसभेत आलं होतं, पण पारित झालं नाही. त्याहून जास्त हवं असेल तर भारतीय नागरिक सुरक्षा संहितेच्या कलम 144 खाली कोर्टात मर्यादा नाही; मात्र दोन्हीपैकी एकच मार्ग निवडायचा. गावाकडच्या जोडप्याला प्रांत कार्यालय बरं.

नोटीस बजावल्यापासून 90 दिवसांत निकाल द्यायचा, फार तर 30 दिवस वाढवून. हे 90 दिवस नोटीस बजावल्यापासून मोजतात, आणि प्रकरणं रखडतात ती नोटीस न बजावल्यामुळेच. ‘घर बंद’ असा शेरा येतो आणि पुढची तारीख पडते. पहिल्याच तारखेला नोटीस कामाच्या पत्त्यावर पाठवण्याची आणि हातबटवड्याने (स्वतः हातोहात) नेण्याची परवानगी मागा. त्याच दिवशी अंतरिम निर्वाहाचा वेगळा अर्जही द्या. निकालापर्यंत काहीतरी सुरू होतं. प्रत्येक तारखेचा रोजनामा (त्या दिवशी काय झालं याची नोंद) बघा. मुलाच्या बाजूने वकील आला तर बिचकू नका. कलम 17 वकिलांना मनाई करतं, पण काही उच्च न्यायालयांनी ती मनाई मानलेली नाही. तुमच्या बाजूने निर्वाह अधिकारी (समाजकल्याण खात्याचा) उभा राहू शकतो, तशी लेखी विनंती करा.

आदेश झाला आणि पैसे आले नाहीत, तर रक्कम देय झाल्यापासून तीन महिन्यांच्या आत वसुलीचा अर्ज द्यावा लागतो. त्यानंतर वॉरंट, आणि तरीही दिलं नाही तर महिनाभरापर्यंत कैद. ही तीन महिन्यांची मुदत फार जण चुकवतात. ‘दिवाळीला देतो’ म्हणाला म्हणून थांबतात आणि जुन्या महिन्यांची रक्कम हातची जाते. कॅलेंडरवर खूण करा.

जमिनीबद्दल एक सावधगिरी. मुलगा आता येऊन ‘जमीन माझ्या नावावर करा, मग सांभाळतो’ म्हणेल. बक्षीसपत्र किंवा हक्कसोडपत्र करायचंच असेल तर ‘हयातभर अन्न, वस्त्र, औषधपाणी आणि राहण्याची सोय करण्याच्या अटीवर’ हे शब्द त्यात हवेतच. ही अट असेल आणि मोडली गेली तर कलम 23 खाली तो व्यवहार रद्द करता येतो. 2022 च्या सुदेश छिकारा निकालात सर्वोच्च न्यायालयाने अट नसल्यामुळे हे कलम लागू केलं नाही. जानेवारी 2025 च्या ऊर्मिला दीक्षित निकालात अट होती, आणि तिथे न्यायाधिकरण ताबाही परत मिळवून देऊ शकतं असं म्हटलं. मृत्युपत्र केलं तर हयातीत काहीच हातचं जात नाही आणि ते बदलताही येतं, म्हणून बहुतेकांनी तिथेच थांबावं.

सुनावणीपूर्वी समेटाचा प्रयत्न होतो, महिनाभराची मुदत असते. बहुतेक प्रकरणं इथेच मिटतात आणि इथेच फसतात. मुलगा प्रांतासमोर हात जोडतो, ‘आई-बापाला सांभाळीन’ असं लिहून देतो, काकू डोळे पुसतात, प्रकरण बंद. दोन महिन्यांनी परत पहिल्यासारखं, आणि ‘सांभाळीन’ या शब्दाची वसुली कोणताही अधिकारी करू शकत नाही. तडजोड पुरसीस (तडजोडीचा लेखी कागद) करायचीच असेल तर तीत रक्कम, दर महिन्याची तारीख आणि काकूंच्या स्वतःच्या खात्याचा क्रमांक लिहून घ्या, आणि ‘याप्रमाणे आदेश करावा’ अशी विनंती जोडा, म्हणजे तीच रक्कम आदेशात येते. खातं काकूंचंच असू द्या. काकांचं खातं मुलगा फोनवरून चालवत असतो हे अनेकदा नंतर कळतं.